जीएमआरटीवर निरीक्षणाचा वेळ कसा मागावा, कसा आखावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नारायणगावजवळच्या खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी, ही मीटर लांबीच्या रेडिओलहरी टिपणारी जगातल्या मोठ्या दुर्बिणींपैकी एक आहे, हे महाराष्ट्रात बहुतेकांना ठाऊक असतं. तिच्यावर वेळ मागता येतो आणि तो आपल्यालाही मिळू शकतो, हे मात्र एमएस्सीच्या वर्गातही अनेकांच्या गावी नसतं. पदव्युत्तर विद्यार्थी, नव्याने पीएचडीला लागलेले संशोधक आणि महाविद्यालयांतले शिक्षक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत. अर्जाचे नेमके नियम आणि तारखा प्रत्येक आवर्तनाच्या अधिकृत घोषणेत येतात, त्या तिथेच पाहाव्यात. त्या घोषणेत न येणारा भाग, म्हणजे आखणी कशी करायची, तो इथे सविस्तर मांडला आहे.

वेळ कोणाला मिळतो? त्यासाठी पैसे पडतात का?

कोणालाही मिळू शकतो. दुर्बीण पुण्याचं राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, अर्थात एनसीआरए, चालवतं. ही टाटा मूलभूत संशोधन संस्थेची शाखा आहे आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात आहे. २००२ पासून दुर्बीण जगभरच्या संशोधकांना खुली आहे. प्रस्ताव गुणवत्तेवर निवडले जातात आणि वेळेसाठी शुल्क आकारलं जात नाही. तुम्ही नामांकित संस्थेतले आहात की तालुक्याच्या कॉलेजातले, यावरून प्रस्ताव बाद होत नाही. कच्च्या आखणीमुळे मात्र होतो. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याने रेडिओ खगोलशास्त्रात मुरलेला एखादा सहकारी सोबत घ्यावा, असं मी आवर्जून सांगेन.

वर्षाचं वेळापत्रक कसं असतं?

वर्षात दोन आवर्तनं असतात: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. पहिल्यासाठी प्रस्ताव सहसा जानेवारीच्या मध्यापर्यंत मागवतात, दुसऱ्यासाठी जुलैच्या मध्यापर्यंत. प्रस्ताव ऑनलाइन भरायचा असतो. त्यात लक्ष्यांची यादी, बँड, मागितलेले तास अशी माहिती आणि सोबत वैज्ञानिक समर्थनाची पीडीएफ जाते. मग जीएमआरटी वेळवाटप समिती, म्हणजे जीटॅक, निर्णय घेते. मागणी उपलब्ध तासांपेक्षा नेहमीच बरीच जास्त असते. त्यामुळे चांगल्या प्रस्तावालाही कधी अर्धेच तास मिळतात, कधी काहीच मिळत नाही.

अखेरच्या दिवशी अर्ज भरायला बसू नका. समर्थनाचा पहिला मसुदा मुदतीच्या निदान तीन आठवडे आधी तयार असावा, कारण त्यातले आकडे तपासायलाच आठवडा जातो.

अँटेना ३० आहेत. मग एका वेळी ३० जणांचं काम का होत नाही?

कारण त्या तिसांची मिळून एकच दुर्बीण होते. प्रत्येक अँटेनाचा व्यास ४५ मीटर. त्यांतल्या १४ अँटेना साधारण एक चौरस किलोमीटरच्या मध्यवर्ती भागात दाटीने उभ्या आहेत. उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन भुजांवर पसरल्या आहेत, पूर्वेला ५, पश्चिमेला ६ आणि दक्षिणेला ५. दोन टोकांमधलं सर्वांत मोठं अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे. कोणत्याही दोन अँटेनांचे संकेत एकमेकांशी ताडून एक मोजमाप मिळतं. ३० अँटेनांच्या अशा ४३५ जोड्या होतात. जवळच्या जोड्या आकाशातली पसरट, मोठी रचना दाखवतात, तर लांबच्या जोड्या बारीक तपशील देतात.

तरीही संच विभागता येतो. काही अँटेना एका बँडवर आणि काही दुसऱ्या बँडवर ठेवून एकच लक्ष्य एकाच वेळी पाहता येतं. भारतीय पल्सार टायमिंग अॅरे, म्हणजे इनपीटीए, या गटाने पल्सारांच्या, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओस्पंद धाडणाऱ्या मृत ताऱ्यांच्या, स्पंदांची वेळ मोजण्यासाठी बँड ३ आणि बँड ५ अशी जोडी याच पद्धतीने वापरली. तारकांमधल्या विरळ वायूमुळे कमी वारंवारतेचे स्पंद उशिरा पोहोचतात. हा उशीर अचूक काढायचा तर दोन्ही मोजमापं एकाच वेळची असावी लागतात. असं ठोस कारण असेल तर विभागणी मागा. नुसता वेळ वाचावा म्हणून मागितली तर प्रत्येक भागाची संवेदनशीलता घटते आणि हाती काहीच धड लागत नाही.

कोणता बँड मागू?

दुर्बिणीच्या मोठ्या सुधारणेनंतर, म्हणजे आताच्या यूजीएमआरटीवर, चार बँड, म्हणजे वारंवारतेचे पट्टे, आहेत. बँड २ साधारण १२५ ते २५० मेगाहर्ट्झ, बँड ३ हा २५० ते ५००, बँड ४ हा ५५० ते ८५० आणि बँड ५ साधारण १०५० ते १४५०. पूर्वी एका वेळी जेमतेम ३२ मेगाहर्ट्झची पट्टी घेता यायची, आता ४०० मेगाहर्ट्झपर्यंत घेता येते. पट्टी साडेबारापट रुंदावली की कागदावर संवेदनशीलता साडेतीनपट वाढते. प्रत्यक्षात गोंगाटाचे भाग वगळावे लागतात, त्यामुळे फायदा थोडा कमी होतो. तरी तो मोठाच आहे.

बँड निवडताना आधी आपल्या प्रश्नाकडे पाहा. वर्णरेषा, म्हणजे एका ठरावीक वारंवारतेचा संकेत, शोधत असाल तर निवड गणितच करून देतं. उदासीन हायड्रोजनची रेषा मुळात १४२०.४ मेगाहर्ट्झला असते. ताम्रसृती, म्हणजे विश्वाच्या प्रसरणामुळे लहरी ताणल्या जाण्याचं माप, १ असलेल्या दीर्घिकांमधून ती आपल्यापर्यंत येते तेव्हा ७१० मेगाहर्ट्झला सरकलेली असते, म्हणजे बँड ४. एनसीआरएच्या संशोधकांनी २०२० साली सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन मोजला तो याच बँडवर. त्यासाठी सुमारे १०० तासांचं निरीक्षण लागलं होतं आणि हजारो दीर्घिकांचे संकेत एकत्र करावे लागले होते.

सलग वर्णपटाचं, म्हणजे सगळ्या पट्टीभर पसरलेला संकेत मोजण्याचं, काम असेल तर दोन गोष्टींची सांगड घालावी लागते. कमी वारंवारतेला दृश्यक्षेत्र मोठं मिळतं आणि तपशील भरड असतो. १५० मेगाहर्ट्झच्या आसपास एका वेळी सुमारे तीन अंश आकाश दिसतं आणि विभेदन, म्हणजे दिसणारा सर्वांत बारीक तपशील, २० विकलांच्या (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) घरात असतं. १४०० मेगाहर्ट्झला दृश्यक्षेत्र २४ कलांवर (कला म्हणजे अंशाचा ६० वा भाग) येतं, पण विभेदन २ विकलांपर्यंत पोहोचतं. जुन्या रेडिओ दीर्घिकांचे विझत चाललेले गोळे शोधायचे तर बँड २ किंवा ३ घ्यावा. त्यांच्या गाभ्यातला झोत पाहायचा तर बँड ५.

ध्रुवीकरण मोजणाऱ्यांनी एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. बँड ५ चे फीड, म्हणजे तबकडीवरचा संकेत गोळा करणारे भाग, रेषीय ध्रुवीकरणाचे आहेत, खालच्या बँडांचे वर्तुळाकार. अंशांकनाची (ओळखीच्या स्रोतावरून मोजमापं जुळवून घेण्याची) पद्धत त्यानुसार बदलते आणि प्रस्तावात ते दिसलं पाहिजे.

एकाच निरीक्षणात दोन-तीन बँड आळीपाळीने घेता येतील का?

यंत्र ते करू शकतं. तबकडीच्या नाभीपाशी फिरणारा बुरूज आहे आणि त्याच्या चार बाजूंवर वेगवेगळ्या बँडचे फीड बसवलेले आहेत. बँड बदलायचा म्हणजे सगळ्या अँटेनांवरचा बुरूज फिरवायचा, मग पातळ्या पुन्हा जुळवायच्या आणि अंशांकनही नव्याने घ्यायचं. यात इतका वेळ जातो की बहुतेक वेळा प्रत्येक बँडसाठी वेगळं सत्र मागणंच परवडतं. स्रोत तासागणिक बदलणारा असेल, तरच सत्राच्या मध्ये बदल मागा.

मला रात्रीचाच वेळ हवा. तसं लिहिलं तर मिळेल का?

लिहिता येतं, पण आधी तुमचं लक्ष्य रात्री डोक्यावर असतं का ते पाहा. इथे भल्याभल्यांचा हिशेब चुकतो, म्हणून जरा तपशिलात जाऊ.

दुर्बिणीचं वेळापत्रक भारतीय प्रमाणवेळेत छापलं, तरी ते आखलं जातं नाक्षत्र वेळेवर, म्हणजे ताऱ्यांच्या फिरण्यावर चालणाऱ्या घड्याळावर. तिलाच सगळे एलएसटी म्हणतात. एखादा स्रोत बरोबर मध्यमंडलावर, म्हणजे त्याच्या सर्वांत उंच जागी, येतो, तेव्हा त्याचा विषुवांश (आकाशातलं पूर्व-पश्चिम स्थान) आणि त्या ठिकाणची एलएसटी सारखी असते. नाक्षत्र दिवस २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांचा. म्हणून तोच स्रोत रोज सुमारे चार मिनिटं लवकर येतो आणि महिन्यात दोन तास पुढे सरकतो. खोडदचं रेखांश ७४ अंश पूर्वेच्या आसपास आहे आणि प्रमाणवेळ ८२.५ अंशांवरची, त्यामुळे तिथली स्थानिक सौर वेळ घड्याळापेक्षा ३४ मिनिटं मागे असते. २२ सप्टेंबरच्या मध्यरात्री तिथे एलएसटी साधारण २३ वाजून २६ मिनिटं असते. हा एक आकडा लक्षात ठेवला की बाकीचा हिशेब बोटांवर करता येतो.

आकाशातल्या कॉसमॉस या बहुचर्चित क्षेत्राचं उदाहरण घ्या. विषुवांश १० तास, क्रांती (आकाशातलं उत्तर-दक्षिण स्थान) अधिक २ अंश. ते मध्यरात्री माथ्यावर येतं मार्चच्या सुरुवातीला. १ ऑक्टोबरला मात्र ते सकाळी दहाच्या सुमारास माथ्यावर असतं आणि १ एप्रिलला रात्री दहाच्या सुमारास. ऑगस्टच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सूर्य त्याच विषुवांशावर, जेमतेम नऊ अंशांवर असतो. तेव्हा कमी वारंवारतेचं निरीक्षण मागणं व्यर्थ आहे. म्हणजे रात्रीचाच आग्रह असेल तर ऑक्टोबर–मार्च आवर्तनातला फेब्रुवारी-मार्च मागा, नाहीतर पुढच्या आवर्तनातला एप्रिल. क्रॅब पल्सार डिसेंबरच्या अखेरीस मध्यरात्री माथ्यावर येतो, आकाशगंगेचं केंद्र जूनच्या अखेरीस.

स्रोत किती वेळ दिसतो हेही काढावं लागतं. अँटेना क्षितिजापासून सुमारे १७ अंशांपर्यंतच खाली वळतात. खोडदचा अक्षांश १९ अंश उत्तर, त्यामुळे दक्षिणेकडे उणे ५३ अंश क्रांतीपर्यंतचं आकाश आवाक्यात येतं. पण आवाक्यात असणं आणि पुरेसा वेळ दिसणं यांत फरक आहे. क्रॅब रोज साडेदहा तास मिळतो, कॉसमॉस पावणेदहा तास. आकाशगंगेचं केंद्र साडेसात तास मिळतं. उणे ५० अंशांचा स्रोत जेमतेम डोकं वर काढतो आणि जातो. त्याचा नकाशा बनवायला बारा तास हवे असतील तर ते अनेक दिवसांत वाटून मागावे लागतात.

रात्रीच्या आग्रहाला शास्त्रीय आधार आहे. माणसांच्या यंत्रांचा गोंगाट रात्री कमी असतो, आणि बँड २ व ३ वर आयनावरण, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, रात्री उशिरा व पहाटे तुलनेने शांत असतं. सूर्यास्तानंतर मध्यरात्रीपर्यंतचे तास मात्र भारताच्या अक्षांशांवर फसवे असतात. विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात, सूर्य सक्रिय असलेल्या वर्षांत, आयनावरणातल्या लुकलुकण्यामुळे अख्खं सत्र वाया जाऊ शकतं. म्हणून नुसतं "रात्र" लिहू नका. "मध्यरात्र ते सूर्योदय" लिहा आणि त्याचं कारण द्या. बँड ५ वर काम असेल तर दिवसाचा वेळ मोकळ्या मनाने स्वीकारा. दिवसाच्या तासांना मागणी कमी असते, तुमचा प्रस्ताव बसवणं सोपं जातं.

किती तास मागावेत?

प्रस्तावाचा खरा कस इथे लागतो. समितीपुढे "२० तास हवेत" असं आलं की पहिला प्रश्न असतो, वीसच का?

सुरुवात करा ती तुम्हाला किती मंद संकेत पकडायचा आहे यापासून. यूजीएमआरटीसाठी निरीक्षणकाल काढायचं गणकयंत्र संकेतस्थळावर आहे. त्यात बँड, पट्टीची रुंदी, अँटेनांची संख्या घाला. अँटेना ३० धरू नका, दोन-चार देखभालीत असतील असं समजून चाला. पट्टीही पूर्ण धरू नका, गोंगाटाने कापला जाणारा भाग वजा करा. गोंगाटाची पातळी वेळेच्या वर्गमुळाने घटते. ती निम्म्यावर आणायला चौपट तास लागतात. म्हणून "थोडं जास्त चांगलं चित्र मिळेल" हे समर्थन होत नाही. कमी वारंवारतेला तर एका मर्यादेपलीकडे तास वाढवूनही उपयोग नसतो, कारण मंद स्रोतांची गर्दीच एकमेकांत मिसळायला लागते.

मग जोडा वरखर्चाचा वेळ. सहा तासांचं सत्र मिळालं असं धरू, म्हणजे ३६० मिनिटं. सुरुवातीची जुळणी सुमारे ४० मिनिटं. तीव्रतेचं अंशांकन करणारा प्रखर स्रोत, ३सी ४८, ३सी १४७ किंवा ३सी २८६ यांपैकी जो वर असेल तो, सुरुवातीला आणि शेवटी बारा-बारा मिनिटं. उरली २९६ मिनिटं. त्यात लक्ष्यावर ३५ मिनिटं, मग जवळच्या कलादर्शक स्रोतावर (लहरींच्या कला, म्हणजे फेज, जुळवण्यासाठी पाहायचा स्रोत) ५ मिनिटं आणि जाण्यायेण्यात २, अशी फेरी चालते. अशा सात फेऱ्या बसतात. लक्ष्यावर प्रत्यक्ष पडतात २४५ मिनिटं, म्हणजे चार तासांना पाच मिनिटं जास्त. सहा तासांतले चार! तुमच्या गणिताला सहा तास लक्ष्यावर लागत असतील तर नऊ मागावे लागतात, आणि हा हिशेब प्रस्तावात अशाच ओळींनी मांडावा लागतो.

कलादर्शक लक्ष्यापासून २५ अंशांवर निवडला तर दर फेरीत दुर्बिणीचा प्रवास वाढतो आणि मधल्या आयनावरणाचा फरकही वाढतो. शक्यतो १५ अंशांच्या आत शोधा.

उगाच वाढवून मागितलेला प्रत्येक तास दुसऱ्या कोणाच्या तरी प्रबंधातला असतो, याचं भान ठेवा. कमी मागणंही तितकंच वाईट. अर्धवट विदा (डेटा) कोणाच्याच उपयोगाची नसते.

वैज्ञानिक समर्थनात समिती काय शोधते?

प्रश्न काय आहे, तो आत्ता का महत्त्वाचा आहे, आणि हीच दुर्बीण का, ही तीन उत्तरं पहिल्याच पानावर असावीत. लक्ष्यांची निवड कशी केली ते सांगा. तीस दीर्घिकांतून सहा निवडल्या असतील तर चाळणी कोणती लावली ते हवं. जुनं निरीक्षण संग्रहात आधीपासून आहे का ते तपासलं आहे, हे लिहा. तपासलं नसेल तर परीक्षक तपासतील आणि तुमची पंचाईत होईल. मागच्या आवर्तनांत मिळालेल्या वेळेचं काय केलं, हेही प्रामाणिकपणे नोंदवा.

शेवटी विदा कोण हाताळणार? एकटा विद्यार्थी, सोबत मार्गदर्शन नाही आणि मागणी ६० तासांची, असं दिसलं की वाचणाऱ्याला काळजी वाटते.

पावसाळ्यात दुर्बीण बंद असते का?

नाही. मीटर लांबीच्या लहरींना ढग आडवे येत नाहीत. प्रकाशीय दुर्बिणींना आपल्याकडे पावसाळाभर सुट्टी घ्यावी लागते, खोडदला जुलैतही निरीक्षणं चालतात. आकाशगंगेच्या केंद्राचा हंगाम नेमका तोच असल्याने हे आपलं भाग्यच.

खरा अडथळा वाऱ्याचा. तबकड्या घट्ट पत्र्याच्या नाहीत, दोऱ्यांच्या आधारावर ताणलेल्या बारीक तारांच्या जाळीच्या आहेत. प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रचना काढली, म्हणूनच एवढ्या मोठ्या तीस तबकड्या परवडल्या. जाळीतून वारा बराचसा पार होतो, तरी तो ताशी ४० किलोमीटरच्या वर गेला की निरीक्षण थांबवून अँटेना सरळ वर, खमध्याकडे तोंड करून उभ्या करतात. एप्रिल-मेमधल्या दुपारच्या वळवाच्या वादळांत हे घडतं. विजांचा कडकडाट आणि वीजपुरवठ्यातली गडबड यांचाही फटका बसतो. एप्रिल-मेत दुपारचं लांबलचक सत्र एकाच दिवशी मागण्यापेक्षा ते दोन दिवसांत विभागलेलं बरं.

माझ्या सत्रात तीन अँटेना बंद होत्या. मोठं नुकसान झालं का?

किती बंद होत्या यापेक्षा कोणत्या बंद होत्या हे आधी विचारा. मध्यवर्ती चौकातल्या अँटेनांची नावं सी०० पासून सी१४ पर्यंत आहेत, मधली सी०७ नाही. भुजांवरच्या ई०२ ते ई०६, डब्ल्यू०१ ते डब्ल्यू०६, आणि एस०१ ते एस०४ व एस०६. एक अँटेना गेली की संवेदनशीलता तीन टक्क्यांच्या आसपास घटते आणि ४३५ पैकी २९ जोड्या जातात. ती सी०५ असेल तर शेजारच्या जोड्या बरंचसं भरून काढतात. पण डब्ल्यू०६ आणि एस०६ एकाच वेळी गेल्या, तर तुमच्या सर्वांत लांब जोड्याच हरपतात आणि चित्राची धार जाते.

म्हणून प्रस्तावात आणि सत्राआधीच्या सूचनेत लिहून ठेवा: "आम्हाला भुजांच्या टोकांच्या अँटेना अत्यावश्यक," किंवा उलट, "मध्यवर्ती चौक पूर्ण हवा." पल्सार पाहणाऱ्यांना बहुतेकदा दुसरं वाक्य लागतं. सत्राच्या दिवशी अत्यावश्यक अँटेना बंद असतील तर नियंत्रण कक्षाशी आणि वेळापत्रक सांभाळणाऱ्यांशी तेव्हाच बोला. आठवडाभराने तक्रार करून फार काही होत नाही.

देखभाल कधी असते?

ठरावीक दिवस आणि आवर्तनांच्या दरम्यानचा काळ राखून ठेवलेला असतो. छापलेल्या वेळापत्रकात तो दिसतो.

आरएफआय म्हणजे नेमका कुठला गोंगाट, आणि तो आखणीत कसा धरायचा?

माणसांनी निर्माण केलेल्या रेडिओलहरींचा. खोडदची जागा निवडताना भोवतालचे डोंगर मोठ्या शहरांकडून येणारा गोंगाट अडवतील, हा विचार होता. तरी काही गोष्टी डोंगर अडवू शकत नाहीत. ९०० मेगाहर्ट्झच्या आसपासची मोबाइलची पट्टी बँड ४ आणि बँड ५ यांच्यामधल्या रिकाम्या जागेत पडते. बँड ५ च्या खालच्या भागात दिशादर्शक उपग्रह येतात. बँड ३ मध्ये ३६० ते ३८० मेगाहर्ट्झचा तुकडा उपग्रहांमुळे वारंवार खराब होतो. तुमची वर्णरेषा तिथेच पडत असेल तर प्रस्ताव लिहिण्याआधी संग्रहातली जुनी विदा काढून पाहा.

जमिनीवरचा मोठा त्रास वीजतारांचा. सैल जोडावर किंवा तडकलेल्या इन्सुलेटरवर ठिणग्या पडतात आणि त्यांचा गोंगाट सगळ्या पट्टीभर पसरतो. यूजीएमआरटीच्या संगणकप्रणालीत असा गोंगाट वाहत्या विदेतच गाळणारी चाळणी आहे. ती सुरू करायची की नाही हे सत्राआधी ठरवा, विशेषतः पल्सारच्या कामात, कारण खरे तीव्र स्पंदही तिच्या कचाट्यात सापडू शकतात. पुणे–नाशिक रेल्वेच्या आखणीत जीएमआरटीचं नाव वारंवार येतं ते याच कारणाने. दुर्बिणीजवळून विद्युत रेल्वे गेली तर तो गोंगाट कायमचा होईल. विकास हवाच, पण ही शांतता एकदा गेली की पैसे टाकून परत आणता येत नाही.

पल्सारसाठी आखणी वेगळी असते का?

हो. तिथे चित्र काढायचं नसतं, संकेतांची बेरीज करून झोत (दुर्बिणीचा बीम) बनवायचा असतो. साधी तीव्रतेची बेरीज केली तर आकाशाचा मोठा तुकडा पाहता येतो, शोधमोहिमेला ती बरी. कला जुळवून केलेल्या बेरजेत संवेदनशीलता बरीच वाढते, पण झोत अरुंद होतो. शिवाय आयनावरणामुळे कला हळूहळू सुटत जातात. खालच्या बँडवर दर तासा-दोन तासांनी जवळच्या प्रखर स्रोतावर जाऊन त्या पुन्हा जुळवाव्या लागतात. हा वेळ वरखर्चात धरा. लांबच्या भुजांवरच्या अँटेनांच्या कला सर्वांत आधी सुटतात, म्हणून बरेच जण मध्यवर्ती चौक आणि भुजांवरच्या जवळच्या काही अँटेना एवढ्याच बेरजेत घेतात.

आकाशात अचानक काही घडलं तर सहा महिने थांबायचं का?

नाही. दोन वाटा आहेत. एक म्हणजे आधीच मंजूर करून ठेवलेला आकस्मिक लक्ष्याचा प्रस्ताव: "अमुक प्रकारचा स्फोट झाला आणि तो अमुक निकषात बसला, तर आम्हाला इतके तास द्या." दुसरी वाट संचालकांच्या अखत्यारीतल्या वेळेची. तो वर्षभर कधीही मागता येतो, पण मर्यादित असतो. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून गुरुत्वीय लहरी आल्या, तेव्हा जगभरच्या दुर्बिणींसोबत जीएमआरटीनेही त्या स्रोताचा पाठपुरावा केला. नियमित आवर्तनात बसू शकलं असतं पण मुदत हुकली, या कारणासाठी संचालकांच्या वेळेची वाट नाही.

सत्राच्या दिवशी मला काय करावं लागतं?

लक्ष्यांची यादी आणि क्रमवार सूचनांची कमांड फाइल आधीच तयार करून पाठवायची. निर्देशांक कोणत्या युगाचे, म्हणजे कोणत्या वर्षाला धरून मोजलेले, आहेत ते दोनदा तपासा. दुर्बीण प्रत्यक्ष चालवतात खोडदच्या नियंत्रण कक्षातले ऑपरेटर, तेही तीन पाळ्यांत, दिवसरात्र. त्यांच्याशी सरळ, नेमकं बोला. कोणता बँड, पट्टीची मध्यवारंवारता, किती चॅनेल, नमुन्याचा कालावधी, चाळणी सुरू की बंद, हे सगळं एका पानावर लिहून द्या. पहिल्या अंशांकन स्रोतावर गेल्यावर प्रत्येक अँटेनाचे आलेख मागून पाहा. एखादी अँटेना चालू दिसते पण तिच्या कला भरकटलेल्या असतात. हे पहिल्या दहा मिनिटांत कळलं तर दुरुस्त होतं.

विदा किती मोठी असते?

आखणीच्या वेळीच हिशेब करा. ४३५ जोड्या, दोन ध्रुवीकरणं, २०४८ चॅनेल आणि प्रत्येक मोजमापाला ८ बाइट धरले, तर एका नमुन्याला १४ मेगाबाइट लागतात. दर १०.७ सेकंदांनी नमुना घेतला तर तासाला सुमारे ५ गिगाबाइट. तो कालावधी २.६८ सेकंदांवर आणला तर १९. चारही ध्रुवीकरणं घेतली तर दुप्पट. दुर्बिणीच्या स्वतःच्या एलटीए स्वरूपातली विदा लिस्टस्कॅन आणि जीव्हीफिट्स या आज्ञावलींनी फिट्स या खगोलशास्त्रातल्या प्रचलित स्वरूपात बदलायची, मग कासा किंवा एप्स या विश्लेषणाच्या आज्ञावलींत काम सुरू. कॉलेजच्या एका डेस्कटॉपवर ४० तासांची यूजीएमआरटी विदा हाताळण्याचा बेत असेल, तर आधी डिस्क आणि मेमरीची सोय करा.

प्रस्ताव नाकारला गेला. आता?

शेरे शांतपणे वाचा. त्यांत बहुतेक वेळा "तासांचं समर्थन अपुरं" किंवा "लक्ष्यांची निवड स्पष्ट नाही" असं काही दुरुस्त करता येण्याजोगं असतं. दुरुस्त करून पुढच्या आवर्तनात पुन्हा पाठवा, बदल कुठे केले ते लिहून.

दरम्यान संग्रहाकडे वळा. जीएमआरटीवर मिळालेली विदा ठरावीक मुदतीपर्यंत प्रस्तावकाची असते, त्यानंतर ती ऑनलाइन संग्रहात सर्वांना खुली होते. एनसीआरएच्या संग्रहात वर्षानुवर्षांची निरीक्षणं पडून आहेत. अनेक निरीक्षणांत मूळ लक्ष्यापलीकडे दृश्यक्षेत्रात आलेल्या शेकडो स्रोतांकडे कोणी ढुंकूनही पाहिलेलं नसतं. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मी तर आधी हाच मार्ग सुचवतो. एक जुनं सत्र उतरवून घ्या, त्याचा नकाशा स्वतः काढा, गोंगाट किती उरला ते मोजा. मग तुमच्या पुढच्या प्रस्तावातले तास अंदाजाचे राहत नाहीत.

प्रत्यक्ष जाऊन पाहता येईल का?

राष्ट्रीय विज्ञान दिनी, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदला मोठं विज्ञान प्रदर्शन भरतं आणि जिल्ह्याभरातून शाळा-कॉलेजची मुलं येतात. एरवी आगाऊ परवानगी घेऊन जावं लागतं. पुण्याहून नारायणगाव नाशिक रस्त्यावर साधारण ७५ ते ८० किलोमीटर आहे, तिथून खोडद पूर्वेला. आवारात शिरण्यापूर्वी मोबाइल बंद करा आणि बंदच ठेवा, कारण त्या वेळी कोणाचं तरी सत्र चालू असतं.